लोण्यातली गोळी

आमच्या संमतीपत्रात सातव्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘या संशोधनातून आपणांस वैयक्तिक लाभ होणार नाही.’ बाकी पत्र चार पानांचं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी आयुष्यात कधी कुणाशी बोलून पाहिलं असेल असं ते वाचून वाटत नाही. ‘नमुन्याचे निनावीकरण’, ‘माघारीचा अबाधित अधिकार’, ‘शिरेतून रक्त काढण्याची प्रक्रिया’. या सगळ्या खडीत हे एकच वाक्य सरळ आहे, कुणालाही कळेल असं. वाचून दाखवताना मी तेच गाळलं. ज्या बाईला वाचून दाखवत होते ती माझी सख्खी बहीण होती.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आमचा विषय थोडक्यात सांगते; थोडक्यात सांगण्याची ही सवय किती वाईट आहे ते पुढे येईलच. रक्त बहुतांशी पाणी असतं आणि पाण्यात चरबी विरघळत नाही. म्हणून शरीर चरबीचे अतिसूक्ष्म गोळे बांधतं, वर प्रथिनाचं वेष्टण घालतं आणि ते रक्तात सोडून देतं. त्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. तपासणीच्या कागदावर ज्या ‘वाईट कोलेस्टेरॉल’ला लोक घाबरतात, ते यांतलंच एक. वेष्टणावरचं प्रथिन म्हणजे पत्ता. पेशी पत्ता ओळखते आणि गोळा आत घेते. कर्करोगाच्या काही गाठी वाढीच्या घाईत असतात, त्या हे गोळे इतर पेशींपेक्षा अधिक ओढतात. तेव्हा गोळ्याच्या पोटात औषध भरून ठेवलं, तर गाठ ते स्वतःहून घरात घेईल आणि बाकीच्या शरीराला झळ कमी बसेल.

कल्पना इतकी देखणी आहे की ती ऐकल्यावर लोक पुढचं ऐकत नाहीत. पुढचं असं, की यकृतही हे गोळे गिळतं, बरेचदा गाठीहून जास्त. भरलेलं औषध वाटेत गळतं. आणि प्रत्येक माणसाच्या रक्तातले गोळे थोडे वेगळे, त्यामुळे एकाचं साधलं ते दुसऱ्याचं साधत नाही. आमचं काम उंदरापर्यंत आलेलं आहे. उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर भाषणात एका वाक्याचं असतं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं माहेर कान्ह्याजवळ, तिचं सासर भाज्याचं. दोन म्हशी, थोडं भात, आणि शनिवार-रविवारी लेण्यांच्या वाटेवर ताक, लोणी, भाकरी. लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांविषयी तिचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण ती ते हसून सांगायची. एकदा गॉगल लावलेल्या एका बाईनं विचारलं, “मावशी, हे लोणी ऑरगॅनिक आहे का?” अक्का म्हणाली, “न्हाई बाई, म्हशीचं हाय.”

तिच्या छातीत गाठ आली तेव्हा लावणी चालली होती. भात लागल्यावर बघू म्हणाली, आणि मलाही भात लागल्यावरच सांगितलं. ऑपरेशन झालं, सलाईनमधून द्यायची औषधं झाली, केस गेले आणि आले. एक वर्ष बरं गेलं. मग यकृतात डाग दिसले. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या: पाच गोळ्या एकदम, सकाळी, रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर तासभर काही खायचं नाही.

त्या हिवाळ्यात लोणावळ्यात एका रिसॉर्टमध्ये आमच्या विषयाची परिषद होती. मला वीस मिनिटं बोलायचं होतं. अक्काला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “लोणावळ्यापत्तूर येनार आन मला बलवनार न्हाईस? एकच ठेसन पुडं हाय. मला बघू तर दे तू काय करतीस दिवसभर.”

ती आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, दोघं आले. दाजींनी इस्त्रीची टोपी घातली होती. दारावरच्या मुलीनं दोघांच्या गळ्यात ‘डेलिगेट’ लिहिलेली कार्डं अडकवली. अक्का ती दिवसभर पदराखाली झाकून वावरली, जणू कुणीतरी परत मागेल.

दीपप्रज्वलनाला सहा मान्यवर होते आणि समईला पाच वाती. सहावे मान्यवर मेणबत्ती घेऊन उभे राहिले. एसीच्या झोतात दोन वाती विझल्या, त्यातली एक त्यांच्या वाट्याला आली, तेव्हा सभागृह सुखावलं. मग प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. सूक्ष्मातिसूक्ष्म कणांचं हे ज्ञान आपल्या पूर्वजांना होतंच, आपण फक्त विसरलो होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नेमकं कुठे विसरलो ते त्यांनी सांगितलं नाही.

अक्कानं माझ्या कानाशी तोंड आणलं. “ह्यो कुठल्या आजाराचा डागदर?”

“कुठल्याच नाही.”

“मंग टाळ्या कशाच्या?”

“बसला म्हणून,” मी म्हणाले. दाजी टोपी तोंडावर धरून खोकले.

माझं भाषण इंग्रजीत होतं. आमच्या विषयात पोटात सैनिक लपवलेल्या त्या लाकडी घोड्याचं चित्र दाखवल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नाही. मला त्या घोड्याचा उबग आहे. तरी मीही तो दाखवला. मग उंदीर दाखवला: डावीकडे गाठीसकट, उजवीकडे गाठ आक्रसल्यावर. दुसरा उंदीर दाखवला नाही, ज्याच्यावर काहीच परिणाम झाला नव्हता. तो आलेखात एक ठिपका होऊन होता. शेवटच्या रांगेत अक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून उजवीकडच्या उंदराकडे बघत होती.

जेवणाला बुफे होता. आम्ही तिघं एका कोपऱ्यात ताटं घेऊन उभे राहिलो. अक्कानं पनीरचा तुकडा चमच्यानं उलटापालटा केला आणि बाजूला सारला.

“त्यो घोडा कशाचा गं?” तिनं विचारलं.

आता मला वाटतं, तेव्हा ‘जुनी गोष्ट आहे एक’ असं म्हणून मी भात आणायला जायला हवं होतं. पण सबंध सकाळ मी इंग्रजीतून बोलले होते, आणि आपलं काम आपल्या माणसाला आपल्या भाषेत कळावं ही हाव मोठी वाईट असते. मी म्हणाले, “घोडा सोड. आपली वाकड्या शिंगांची म्हैस आठवते? तिला औषध कसं द्यायचे आबा?”

“कणकेच्या गोळ्यात. गूळ घालून.”

“तसंच. गाठ हावरी असते. तिला चरबीचे गोळे आवडतात. त्या गोळ्यात आम्ही औषध दडवतो. ती गोळा समजून खाते.”

अक्का थोडा वेळ चावत राहिली. “पन ती म्हस कणीक गिळायची आन गोळी थुकायची.”

“हो, थुंकायची.”

“मंग तुमचं बी वाटंत गळंल की.”

मी हसले. गेली कित्येक वर्षं आम्ही ज्यावर डोकं फोडत होतो, ते तिनं पनीर बाजूला सारता सारता सांगितलं होतं. “तेच तर होतं,” मी म्हणाले.

“आबांना न्हाई जमायचं. मी द्याची. कणकेत न्हाई, लोन्यात. लोन्यातनं गेली की गोळी घशाला लागत न्हाई, सुळकन् जाती. म्हस चाटत बसायची वर.” तिनं दाजींकडे बघितलं. “इचारा, आजबी मीच देते.”

“देते बाई,” दाजी म्हणाले. “मला बी तशीच देते.”

मग तिनं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, “मंग कवा व्हनार हे?”

मी म्हणाले, “काम चालू आहे.”

हे खोटं नव्हतं. पण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ‘काम चालू आहे’ अशी पाटी असते आणि तिच्यावर शेवाळ चढलेलं असतं, तशातलं ते खरं होतं. तिला जो वेळ होता त्यात ते होणार नव्हतं. तिला एकूण जितका वेळ असू शकला असता त्यातही नव्हतं. मला हे माहीत होतं. तिथे, त्या कोपऱ्यात, गळ्यात कार्ड अडकवून, मी ते सांगितलं नाही.

त्यानंतर दर फोनला ती शेवटी विचारायची, “कुठवर आलं?” जसं कुणी गावाहून निघालेल्या माणसाबद्दल विचारावं. मी म्हणायची, “येतंय.”

आमच्या प्रकल्पात तेव्हा आजारी माणसांचं रक्तही जमवायचं होतं, त्यांचे गोळे कसे असतात, औषध किती धरतात हे पाहायला. अक्काला हे कळल्यावर तिनं धोसरा लावला. “माजं घे. माजंच गोळं, माज्याच गाठीला. दुसऱ्याचं कशाला?” नियम असा, की नातेवाइकानं संमती घेऊ नये. ज्याचं ते काम होतं तो सहकारी दोन दिवसांच्या रजेवर होता. दोन दिवस थांबता आलं असतं. पण रविवार होता, मी भाज्याला गेलेच होते, आणि सोमवारी तिला तपासणीला पुण्यात यायचंच होतं. असली कारणं नेहमी फार व्यवस्थित असतात.

ओट्यावर बसून मी वाचायला लागले. समोर वाटेवरून माणसं वर जात होती, कुणी गाणी लावून, कुणी पोराला खांद्यावर घेऊन. अक्का मांडी घालून बसली होती, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मला वाटलं, सवय. दुधाची मापं मोजताना तिचा अंगठा तसा फिरायचा. मी परिच्छेदाचा आकडा सांगून वाचत होते. पाच झाला, सहा झाला. मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली: ‘या संशोधनातून आपणांस वैयक्तिक लाभ होणार नाही.’

मी पान उलटलं आणि म्हणाले, “आठ. गोपनीयता.”

तिनं सही केली. सातवीपर्यंत शिकलेली होती. सही तिनं सावकाश, प्रत्येक अक्षराला पूर्ण देणं देऊन केली. नियमाप्रमाणे पत्राची एक प्रत तिला दिली. ती घडी घालून तिनं म्हशींच्या लसीकरणाच्या कागदांत ठेवली.

दुसऱ्या दिवशी रक्त आलं. नळीवर नाव नसतं, आकडा असतो; तिचा एकतीस. आम्ही रक्तातला पिवळसर द्रव वेगळा काढतो, मीठ घालून तो जड करतो आणि यंत्रात प्रचंड वेगानं फिरवतो. जड ते खाली राहतं, चरबीचे गोळे वर तरंगून येतात. हे एकदा मी तिला सांगितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हंजी रवीच की. मोठी रवी.” यंत्र थांबल्यावर नळीत एक केशरी-पिवळी पट्टी दिसते. तिची पट्टी बारीक होती. निरोगी माणसाची करंगळीएवढी येते, तिची दोऱ्याएवढी. गाठी हावऱ्या असतात असं मीच सांगत फिरत होते. त्या किती हावऱ्या असतात ते मला त्या नळीत दिसलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. “माजं कसं निगालं?”

“छान निघालं.”

“आगं डेरीवाल्यावानी सांग. फ्याट किती लागली?”

“जरा कमी लागली.”

“आता डेरीवाला म्हनंल, पानी घातलंय.” ती हसली. मग म्हशीनं लाथ मारून सांडलेल्या दुधाचं सांगितलं, दाजींच्या गुडघ्याचं सांगितलं आणि फोन ठेवला. ‘कुठवर आलं’ विचारलं नाही. पुढच्या फोनलाही नाही, त्याच्या पुढच्याही. ते माझ्या ध्यानात आलं होतं. मला बरं वाटलं. मी समजले, रक्त दिल्यानं तिचं समाधान झालं असावं.

दीड महिन्यानं दाजींचा फोन आला. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, ते ओरडून बोलायचे. त्या दिवशी हळू बोलले. “आठ दिस झालं, जुलाब थांबंना. काल उटली आन हितंच बसली. डोळं आत गेल्यात.”

दवाखान्यात पोचेपर्यंत तिला सलाईन लागलेलं होतं. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टर मॅडम माझ्याहून लहान, थकलेल्या, नीट ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, “गोळ्या कशा घेत होता, आजी? रिकाम्या पोटीच ना?”

“व्हय,” अक्का म्हणाली. “लोन्यातनं.”

मॅडमनी दाजींकडे बघितलं, दाजींनी माझ्याकडे.

“लोन्यात म्हणजे?”

“लिंबाएवडा गोळा करायचा, पाची गोळ्या आत दाबायच्या. पानी लागत न्हाई. वर काय बी खाल्लं न्हाई मी, तासभर. तुमी सांगितलं तसं.”

मॅडम मला बाहेर घेऊन आल्या. त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ते विद्यार्थ्यासारखं ऐकलं, जरी पहिल्या वाक्यालाच मला सगळं कळलं होतं. हे औषध चरबीत विरघळणारं. रिकाम्या पोटी घेतलं तर मोजकं रक्तात जातं. भरपूर चरबीबरोबर घेतलं तर त्याच्या कित्येक पट जातं. दीड महिना ती रोज त्या कित्येक पट औषधावर होती. आतडी सोलून निघाली होती, मूत्रपिंडं दमली होती. “कुणी सांगितलं त्यांना हे?” मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असं काहीतरी रोज बघणाऱ्या माणसाचा आवाज होता.

“मी,” मी म्हणाले.

मी काय करते ते त्यांना माहीत होतं.

एका अर्थी आमचं शास्त्र खरं ठरलं होतं. चरबीनं औषध वाहून नेलं होतं, आमच्या कुठल्याही नळीत नेलं नव्हतं इतकं. फक्त त्या लोण्यावर पत्ता नव्हता. ते सगळ्या घरांत जाऊन आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या आवाजात जरा जीव आला. दाजी चहा प्यायला खाली गेले होते. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मी अक्काचे पाय चेपत होते. मी ठरवून आले होते की आज बोलायचं.

“अक्का,” मी म्हणाले, “माझं चुकलं. मी तुला ते म्हशीचं सांगायला नको होतं. आमचं औषध तोंडानं घ्यायचं नसतंच. ते शिरेतून द्यावं लागतं. आणि ते...” इथे मी अडले.

“आन ते माज्यासाटी न्हाई,” ती म्हणाली.

मी पाय चेपायचं थांबवलं.

“सहा म्हनलीस आन मंग आठ म्हनलीस. म्हशी मोजनारी बाई हाय मी. रानातनं येताना एक कमी आली तर मला कळत न्हाई व्हय?” ती डोळे मिटून बोलत होती. “तू गेल्यावर काडला कागूद. वाचला. सातवं वाचलं. लय सोपं लिवलंय ते. बाकी काय कळलं न्हाई.”

“मग मला म्हणाली का नाहीस?”

“काय म्हनायचं? तू म्हनशील, येतंय. मी म्हनीन, बरं.” तिनं जिभेनं ओठ ओले केले. “तुजं तोंड असं झालं हुतं वाचताना. ल्हानपनी दूध सांडल्यावर व्हायचं तसं. म्हनलं, ऱ्हाऊ दे.”

“पण मग लोणी? तुला माहीत होतं तर...”

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, जशी ती ऑरगॅनिक विचारणाऱ्या बाईकडे बघायची. “म्हायती हुतं म्हनूनच की. तुजं याला वरसं लागनार. मला वरसं कुटली? तुजं कळलं मला. गाठ हावरी, गोळा पायजे. गोळा म्हंजी काय, चरबीच ना? मंग माज्याकडं काय कमी हाय का? लोनी हुतं.”

थोड्या वेळानं म्हणाली, “दाजींना सांगू नगस. त्यांना वाटतंय तुजं औषध येनार हाय.”

“कुणी सांगितलं त्यांना?”

“मी,” ती म्हणाली. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं. “काय गं, तुलाच जमतंय व्हय?”

मी तिचे पाय पुन्हा चेपायला घेतले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी माझ्या भित्रेपणाला तिच्यासाठीची माया समजत होते, आणि ती माझ्या भित्रेपणावर माया करत होती. दोघींनी मिळून एक वाक्य दीड महिना एकमेकींपासून झाकलं. त्या दीड महिन्यात ती रोज सकाळी ओट्यावर बसून लोण्याचा गोळा वळत होती.

जुलाब थांबले. गोळ्या मात्र काही आठवडे बंद ठेवाव्या लागल्या, शरीर सावरेपर्यंत. तेवढ्यात यकृत डागांनी भरत गेलं. मी मॅडमना एकदा विचारलं: लोणी झालं नसतं, गोळ्या बंद कराव्या लागल्या नसत्या, तर? त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही.” मी स्वतः कितीतरी लेखांच्या शेवटी हे वाक्य लिहिलं आहे. तिथे ते विनयाचं वाटतं.

ती घरी गेली, भाज्याला. वैशाखातल्या एका शनिवारी सकाळी, म्हशींचं दूध काढून झाल्यावर, दाजी तिला सांगायला आत आले की आज दूध बरं निघालं, आणि ती ऐकायला राहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रविवार संपून सोमवार होता, तरी सुट्टी असावी, वाटेवर गर्दी होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. टोपी घातलेला एक माणूस वाकून म्हणाला, “काका, इथे एक मावशी असतात ना? त्यांच्याकडे ताक मिळेल का?”

दाजी उठून उभे राहिले. म्हणाले, “मावशी न्हाईत.” मग जरा थांबून, “ताक हाय. घ्या.” आणि आत जाऊन खरंच दोन पेले घेऊन आले. त्या माणसाचं पिऊन होईपर्यंत दाजी तसेच उभे होते. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “तुजं औषध चारच म्हैने आदी आलं असतं, तर, न्हाई का?”

अक्कानं सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हातात दोन रिकामे पेले होते.

“नसतं आलं, दाजी,” मी म्हणाले. “ते तिच्यासाठी नव्हतंच. ते कागदात लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.”

ते पेले घेऊन मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ येत राहिला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात, पण लागेल तेवढंच. लोण्याचा डबा पूर्वी दर महिन्याला यायचा. तो आता येत नाही, आणि मी तो मागू शकत नाही.

तेरावं करून मी कामावर परतले. फ्रिजच्या मागच्या कप्प्यात एकतीस नंबरची नळी होती. असा नमुना काही आठवडेच टिकतो, मग टाकून द्यायचा असतो. मी ती मागे सारत सारत ठेवली होती. उजेडात धरली. दोऱ्याएवढ्या पट्टीतून काढलेला तो द्रव मुळात केशरी होता, आता फिका पडला होता. हवेशी संबंध आला की हे गोळे खराब होतात आणि पहिल्यांदा रंग जातो. आमच्याकडे त्याला मोठं नाव आहे. घरी लोणी फार दिवस राहिलं की जे होतं तेच असतं ते.

मी नळी जंतुनाशकाच्या पाण्यात ओतली. नोंदवहीत एकतीसपुढे तारीख लिहिली. टाकण्याचं कारण लिहायच्या रकान्यात ‘खवट’ लिहिलं.

दोन दिवसांनी पाहिलं, तर तेव्हा रजेवर असलेल्या त्या सहकाऱ्यानं माझा शब्द एका रेघेनं खोडून वर इंग्रजी शब्द लिहिला होता. बरोबरच होतं त्याचं. नियमाप्रमाणे खोडल्याच्या बाजूला त्यानं स्वतःची छोटी सही केली होती. खोडलेलं खालचं अक्षर मात्र अजून वाचता येत होतं.